पन्हाळा, गांधीनगर आणि वहिनींचे बर्गी

कोल्हापूरला गेलो होतो ते पुतणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला. पन्हाळा मधेच घुसला. सकाळी अंबाबाईचं दर्शन झालं, दादा गुडघा धरून लॉजवर आडवा झाला, आणि मी, वहिनी आणि पुतणी अशी तिघं वडाप धरून गडावर निघालो. वडापात मावतात किती आणि बसतात किती, हा हिशेब कोल्हापूरकडे कुणी करत नाही. वाघबीळ येईपर्यंत माझ्या मांडीवर कुणाचंतरी दुधाचं कॅन होतं.

वहिनी बंगाली. माहेर वर्धमानकडचं, काटव्याजवळ. लग्नाला 27 वर्षं झाली, मराठी आमच्यापेक्षा खणखणीत. रागावल्या की मात्र बंगालीत जातात, आणि दादाला त्यातलं अजूनही काही कळत नाही, असं तो सांगतो.

गाईड मिळाला तो विशीतला पोरगा होता. अंबरखान्यात शिरल्यावर त्याचा आवाज चढला. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारं, "पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं बघा!" आत गार अंधार आणि वटवाघळांचा वास. मग 1660 चा वेढा. मार्च ते जुलै सिद्दी जौहर खाली तळ देऊन बसलेला, महाराज आत. इंग्रजांच्या राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन आपला झेंडा फडकवत तोफगोळे घेऊन जौहरच्या मदतीला आलेला. मग पावसाची रात्र, शिवा काशीद, बाजीप्रभू. शंभरदा ऐकलंय, तरी शिवा काशीदपाशी माझा गळा दाटतोच. यात मला काही लपवायचं नाही.

गोष्ट संपल्यावर वहिनींनी विचारलं, "एवढ्या मोठ्या फौजेला चार महिने दाणागोटा कुठून यायचा रे? खालच्या गावातल्या लोकांनी काय खाल्लं?"

पोरगा थबकला. प्रामाणिक होता. "ते काय गोष्टीत नाही बघा, मॅडम."

तीन दरवाजाजवळ झुणका-भाकरी खायला बसलो. ठेचा असा होता की बोलणं बंद व्हावं, पण वहिनी बोलत होत्या. त्यांच्या आजीची अंगाई. बाळ झोपलं, पाडा शांत झाला, देशात बर्गी आले. धान बुलबुलांनी खाल्लं, आता खंडणी कशातून देऊ? लहानपणी त्यांना वाटायचं बर्गी म्हणजे राक्षसाची एखादी जात असावी. पुतणीलाही तीच अंगाई म्हणून झोपवलं होतं, आमच्याच घरात, आमच्याच आईसमोर. आईला चाल आवडायची.

बर्गी म्हणजे बारगीर. सरकारी घोडा, सरकारी हत्यार घेऊन लढणारा मराठी स्वार. माझ्या वर्गात बारगीर आडनावाचा मुलगा होता, आम्ही त्याची जिलेबी पळवायचो. आणि हा शब्द हजार मैलांवर पोरांना भीती घालायला वापरतात!

1741 ते 1751, जवळजवळ दहा वर्षं नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर धाडी घालत होत्या. भास्करपंत कोल्हटकरांनी 1742 मध्ये काटव्यालाच तळ दिला होता. गंगाराम नावाच्या कवीने त्या काळाचं वर्णन करून ठेवलंय. भट पोथ्या घेऊन पळतायत, सोनार तराजू-वजनं घेऊन पळतायत. स्वार लोकांना गाठून "रुपये द्या, रुपये द्या" म्हणतायत, नाही दिले तर नाकात पाणी ओततायत. बायकांचं काय केलं तेही त्यात आहे. शेवटी बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने ओरिसा सोडला आणि वर्षाला बारा लाखांची चौथ कबूल केली. आमच्या पाठ्यपुस्तकात ही चौथ होती. नाकातलं पाणी नव्हतं.

मी तोंड उघडलं ते, "ते नागपूरकर होते, वहिनी," असं म्हणायला. म्हणालोही. आणि म्हणता म्हणताच लाज वाटली. 1758 मध्ये अटकेपार झेंडा गेला तेव्हा कुणी विचारत नाही की स्वार नेमके कुणाचे होते. तेव्हा ते 'आपले' असतात. अटक सगळ्यांची, बंगाल नागपूरकरांचा. 1791 मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेने शृंगेरीचा मठ लुटला, त्यावरही उत्तर तयार असतं: ते पेंढारी होते. मठाला पुन्हा उभं राहायला टिपूने पैसा दिला. त्याच टिपूने कुर्गात जे केलं ते त्याच्या भक्तांना आठवत नाही, हेही तितकंच खरं. आणि त्याच टिपूच्या नि औरंगजेबाच्या स्टेटसवरून जून 2023 मध्ये या कोल्हापुरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. आपल्या गोष्टीत आपण कायम गडाच्या आत असतो. गडाबाहेर तळ देऊन बसलेले ते दुसरे कुणीतरी. काटव्यात जौहर आम्ही होतो.

वहिनींनी यातलं काही म्हटलं नाही. त्यांनी गाईड पोराला बोलावून भाकरी खायला बसवलं.

दुसऱ्या दिवशी गांधीनगर. कपड्याचा घाऊक बाजार, पश्चिम महाराष्ट्रात बस्ता म्हटलं की पावलं इकडे वळतात. ही जागा म्हणजे वळिवड्याची जुनी छावणी. 1943 ते 1948 इथे सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहिले, त्यात बायका-पोरंच जास्त. 1939 मध्ये हिटलर आणि स्टालिनने पोलंड वाटून घेतला, लाखोंना रशियाने सैबेरियात हाकललं, त्यातले काही इराणमार्गे इथवर पोचले. महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे, तो आदल्या संध्याकाळी पाहिला. रशियातल्या कातिनच्या जंगलात आणि इतरत्र सुमारे 22,000 पोलिश कैदी मारून ते आपण केलंच नाही, असं रशिया 1990 पर्यंत म्हणत राहिला. पण पोलंडही सोवळा नाही. 1938 च्या ऑक्टोबरात चेकोस्लोव्हाकियाचे तुकडे पडताना त्यानेही टेशेन या सीमेवरच्या मुलखाचा लचका तोडला होता. 1941 मध्ये येडवाब्ने गावात शेकडो ज्यूंना त्यांच्या पोलिश शेजाऱ्यांनीच धान्याच्या कोठारात कोंडून जाळलं. आणि 2018 मध्ये तिथल्या सरकारने कायदा केला: नाझींच्या गुन्ह्यांत पोलिश राष्ट्राचा हात होता म्हणाल तर तुरुंग. जगभर बोंब झाल्यावर तुरुंगाचं कलम त्याच वर्षी काढलं.

पोलिश गेले आणि त्याच बराकींत फाळणीने हाकललेले सिंधी आले.

आम्ही ज्या दुकानात बसलो तिथे मुलगा साड्या उलगडत होता आणि गल्ल्यामागे आजोबा स्टुलावर. शालू पसंत पडेना, चहा दोनदा झाला. आजोबांचा जन्म कराचीचा, सात वर्षांचे असताना बोटीत बसले. मी त्यांना सांगितलं की कोल्हापूरच्या छत्रपतींचे धाकटे भाऊ चिमासाहेब, 1857 च्या बंडापायी, कराचीतच कैदेत राहिले आणि 1869 मध्ये तिथेच वारले. "म्हणजे अदलाबदल झाली," आजोबा म्हणाले आणि मिश्कील हसले.

मग मुलाने मे 2025 मधल्या, भारत-पाक संघर्षातल्या त्या रात्रीचं सांगितलं. चॅनेलवाले ओरडत होते, कराची बंदर उडवलं, कराची बेचिराख. सकाळी सगळं खोटं निघालं. पण रात्री गल्लीत फटाके वाजले, यानेही दोन माळा लावल्या. घरात आला तर आजोबा टीव्हीच्या अगदी पुढ्यात, खुर्ची ओढून बसलेले.

"काय म्हणत होते?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही. सारखं विचारत होते, कोणता धक्का? किमाडी का? किमाडी म्हणतायत का ते?"

आजोबांनी ऐकलं असणार. त्यांनी मोरपिशी शालूची घडी आमच्याकडे सरकवली आणि म्हणाले, हा घ्या, पोरीला खुलेल.