टोपी मोठी नव्हती

देवळाली कॅम्पच्या बाजारात आज एनसीसीचा एक मुलगा दुकानदाराला सांगत होता, "काका, टोपी मोठी होतेय, एक नंबर लहान द्या." नवीकोरी बेरेट डोक्यावर उत्तप्प्यासारखी पसरलेली. काकांनी निमूटपणे लहान काढून दिली.

अहो, माप बरोबर होतं! पट्टी कपाळावर नीट बसली होती. सैल होतं ते वरचं कापड, आणि नव्या बेरेटचं ते असतंच. लोकर आहे ती, वळण लावावं लागतं.

कोमट पाण्यात भिजवायची. कढत पाण्यात लोकर आटते. पाणी तळव्यांत दाबून काढायचं, पिळायचं नाही, नाहीतर आकार बिघडतो. मग ओलीच डोक्यावर. पट्टी भुवयांच्या वर दोन बोटं, सगळीकडून सरळ. बॅजची जागा डाव्या डोळ्याच्या वर. तिथलं कापड उभं ठेवायचं आणि उरलेलं तळहाताने उजव्या कानाकडे ओढून चापूनचोपून बसवायचं. अर्धवट सुकेपर्यंत काढायची नाही. पुढे सावलीत सपाट ठेवा. दोरीला टांगली की मेहनत पाण्यात. एकदा करून भागत नाही, हेही खरं.

वर आलेली लव रेझरने अगदी हलक्या हाताने काढायची. मागची नाडी मापात आली की गाठ मारून आत खोचायची. लोंबती नाडी फार वाईट दिसते.

लहान नंबरची भिजवली की आणखी आवळते, मग परेडला कपाळ ठणकतं. विकताना एवढं सांगायला काय जातं?