लाल बटण दाबलं होतं की मी

मेंटेनन्समधे ११ वर्षं काढल्यावर कंपनीने मला ऑटोमेशनच्या शॉर्ट टर्म कोर्सला पाठवलं, १२ आठवडे, कॉलेजच्या लॅबमधे, आणि बॅचमधली निम्मी पोरं तर नुकतीच मिशी फुटलेली. पहिला महिना पीएलसी, म्हणजे मशिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, आणि लॅडर, म्हणजे त्याचा प्रोग्रॅम आकृतीत लिहायची पद्धत. ते मला सोपंच गेलं, जुन्या रिले पॅनलचं ड्रॉइंग स्क्रीनवर आल्यासारखं वाटतं. त्यामुळे थोडा माज आला होता, खोटं कशाला बोलू.

पाचव्या आठवड्यात न्यूमॅटिक्सचं, म्हणजे दाबाच्या हवेवर चालणारं, स्टेशन मिळालं. उभ्या नळीत एकावर एक पीस रचलेले, सगळ्यात खालचा पीस हवेच्या सिलिंडरचा रॉड ढकलतो, तो कन्व्हेयरवर जातो, बस एवढंच. प्रोग्रॅम माझा. दोन पीस मस्त गेले, तिसरा तिरका होऊन अडकला, रॉड अर्ध्यातच थांबला. मी लगेच इमर्जन्सीचं लाल बटण दाबलं, पीएलसीच्या आउटपुटचे सगळे लाइट गेले, पार्टनरला म्हटलं "झालं, मेलं ते" आणि पीस काढायला सरळ हात घातला.

"हात मागे!"

सर एरवी इतके हळू बोलतात की मागच्या बाकावर ऐकू येत नाही. मी दचकून हात काढला. ते शांतपणे आले, खिशातली पेन्सिल काढली आणि तिच्या टोकाने पीस जरासा हलवला. खट्! रॉड पूर्ण बाहेर, पेन्सिलीचे दोन तुकडे, एक तर उडून कन्व्हेयरखाली गेला. लॅबमधे एकदम सामसूम.

मग म्हणाले, हवेचा गेज बघा. दाब ६ बार. लाइट गेली होती, हवा कुठे गेली होती? सिलिंडरला हवा देणारा व्हॉल्व्ह डबल सोलेनॉइडचा, म्हणजे दोन्ही बाजूंना विजेची कॉइल, त्याला परत आणणारी स्प्रिंग नसते, करंट गेला तरी स्पूल (आतला सरकता दांडा) आहे तिथेच राहतो, म्हणजे सिलिंडरच्या मागे हवा तशीच रेटा देत उभी. आणि ३२ मिमी बोअरला (सिलिंडरचा आतला व्यास) ६ बार म्हणजे जोर किती, तर बोर्डवर मलाच काढायला लावलं: साधारण ४८० न्यूटन, म्हणजे ५० किलोच्या आसपास. आकडा लिहिताना खडू हलत होता माझा, कारण कामावर असाच हात मी किती वेळा घातलाय ते मोजायला लागलो होतो.

पोरांपैकी एकाने विचारलं, मग इमर्जन्सीला सगळीकडे हवाच सोडून द्यायची ना? सर म्हणाले, घाई नको. उभा सिलिंडर वजन धरून असेल तर हवा गेली की वजन खाली. कुठे पायलट चेक व्हॉल्व्ह (सिग्नल मिळेपर्यंत सिलिंडरमधली हवा अडवून धरणारा) असेल तर मेन हवा सोडूनही आत कोंडलेली राहते, मग गेज शून्य दाखवतो आणि आपण फसतो. शिवाय हवा परत एकदम दिली तर रिकामे सिलिंडर धाडकन मारतात, म्हणून हवा हळूहळू भरणारा सॉफ्ट स्टार्ट लावतात. हे सगळं मला ११ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी पण कधी विचारलं नव्हतं.

पीस तिरका का झाला? रॉड कुठे पोचला ते सांगणारा सिलिंडरवरचा रीड स्विच सरकला होता, त्यामुळे रॉड पूर्ण मागे यायच्या आत पुढचा स्ट्रोक सुटत होता. पाच मिनिटांचं काम. प्रोग्रॅमला हात पण लावावा लागला नाही.

परत कामावर आल्यावर पहिल्याच दिवशी आमच्या पॅकिंग मशिनची इमर्जन्सी दाबून बघितली. गेज जागचा हलला नाही. इमर्जन्सीला हवा सोडून देणाऱ्या डंप व्हॉल्व्हसाठी लिहून दिलंय, अजून आलेला नाही. तोपर्यंत हवेचा हाताचा शट-ऑफ व्हॉल्व्ह बंद करून त्याला माझं कुलूप घालतो, मागे उरलेली हवा फुस्स होऊन गेली की रॉड लांब पट्टीने ढकलून बघतो, आणि मगच आत हात. ऑपरेटर वैतागतात, म्हणतात दादा दोन मिनिटांच्या कामाला दहा मिनिटं लावतो.