मावशीचा फोन आणि पुरुषोत्तमची तालीम

परवा मावशीचा फोन आला, धाकटीची ॲडमिशन झाली पुण्यात, इंजिनिअरिंगलाच, कॅपच्या, म्हणजे सरकारी प्रवेशप्रक्रियेच्या, दुसऱ्या राउंडला. आनंदाचं बोलून झालं आणि मग मावशी आवाज खाली आणून म्हणाली, "तू सांग गं तिला, तुझं ऐकते ती. अभ्यास करायचा म्हणावं, ती नाटकं-बिटकं, क्लब-बिलब काही नको, तुला किती त्रास झालता आठवतंय ना."

मला आठवतंय. फक्त मावशीला जे आठवतंय ते आणि मला आठवतंय ते वेगळं आहे, म्हणून हे सगळं लिहायला घेतलं.

मी 2016 ला परभणीहून सीओईपीला, म्हणजे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजला आले, मेकॅनिकलला. रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसून सकाळी शिवाजीनगरला उतरलो, पप्पा आणि मी, एक ट्रंक आणि एक गादी. 1854 सालचं कॉलेज, विश्वेश्वरय्या इथेच शिकले हे पप्पा मला गेटवर उभं राहून सांगत होते, त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. जूनमध्येच कॉलेजच्या पोरांनी बनवलेला 'स्वयम्' उपग्रह इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटवरून वर गेला होता, जेमतेम एक किलोचा, पण त्याच्यामागे आठ वर्षं आणि एकामागून एक बॅचेस. ज्यांनी सुरू केला ते केव्हाच पास होऊन गेलेले. हे ऐकलं तेव्हा भारीही वाटलं आणि भीतीही वाटली, की बाबा इथे सगळे असेच असणार.

पहिले तीन आठवडे मी जवळजवळ बोललेच नाही. कारण अगदी साधं होतं, मी वर्गात "सर काय सांगायलेत" असं म्हणाले आणि मागच्या बाकावर दोघीजणी हसल्या. वाईट हेतूने नसतील हसल्या, पण मी त्या दिवसापासून बोलायच्या आधी प्रत्येक वाक्य मनात पुणेरी करून घ्यायला लागले आणि वाक्य तयार होईपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. मेसमध्ये एकटी जेवायचे. टी वनला, म्हणजे सेमिस्टरच्या पहिल्या चाचणीला, मॅथ्समध्ये 20 पैकी 6 पडले, बारावीला ज्या विषयात शंभराच्या जवळ होते त्याच विषयात. हे नाटकात जायच्या आधीचं आहे, मावशी, नंतरचं नाही. संध्याकाळचे सहा ते अकरा असे पाच तास रोज रिकामे होते माझ्याकडे आणि मी त्यात पुस्तक उघडून रडत बसायचे.

नाटकात मी गेले ते रूममेटमुळे. ती स्वतः बोट क्लबची, पहाटे साडेपाचला उठून नदीवर जायची, हाताला घट्टे पडलेले, आणि तिला माझं खोलीत बसणं बघवत नव्हतं. तिनेच हाताला धरून पुरुषोत्तमच्या तालमीला नेलं, म्हणाली, बॅकस्टेजला माणसं लागतात, खिळे ठोकता येतात ना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पुरुषोत्तम करंडक म्हणजे पुण्यातली आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा, महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था 1963 पासून घेते. ऑगस्टमध्ये प्राथमिक फेरी, सप्टेंबरमध्ये अंतिम, सगळं भरत नाट्य मंदिरात, ज्याला सगळे नुसतं 'भरत' म्हणतात. फिरोदिया करंडक ही पुण्यातली दुसरी स्पर्धा, तिथे गाणं, नाच, चित्र, शिल्प सगळ्या कला एका नाटकात आणतात, तिथे आमच्या मेकॅनिकलची पोरं काय काय बनवायची ते बघण्यासारखं असायचं. पुरुषोत्तमला मात्र भर लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयावर. झगमगीत लाइट्स किंवा महागडा सेट तुम्हाला वाचवत नाही. एक तासाच्या आत जे बोललं जातं आणि जसं बोललं जातं ते खरं पाहिजे.

आणि आमचं त्या वर्षीचं नाटक नेमकं मराठवाड्यातल्या एका घरातलं होतं. लिहिणारा दादा तिसऱ्या वर्षाचा, नाशिकचा. मी कोपऱ्यात लेव्हलला, म्हणजे सेटच्या लाकडी चौथऱ्याला, फळी ठोकत होते आणि आईचं काम करणारी ताई म्हणत होती, "का करतोयस असं लेकरा?" मला राहवलं नाही. मी हातोडी खाली ठेवून म्हणाले, आमच्याकडं असं नाही म्हणत, "कामून करायलास रे लेकरा" म्हणतेत. हॉलमध्ये सगळे गप्प झाले. मला वाटलं झालं आता. तर तो दादा म्हणाला, "परत म्हण."

त्या रात्री साडेअकरापर्यंत मी त्यांच्यासोबत अख्खी संहिता वाचली, एकेक वाक्य. कुठे 'करायलेय', कुठे 'जायलो', कुठे आवाज वर जातो, आई चिडली की कुठल्या शब्दावर थांबते. माझी आई कशी बोलते ते मी पहिल्यांदा नीट ऐकलं, तेही तिच्यापासून इतक्या लांब येऊन. पुढचे पंधरा दिवस भाषा बघायचं काम माझ्याकडे आणि बॅकस्टेज तर होतंच. तालीम संपली की आईचं काम करणारी ताई मला तिच्या खोलीत घेऊन बसायची. तिला माझ्याकडून लहेजा पाहिजे होता आणि मला तिच्याकडून मॅथ्स. मॅट्रिक्स मला तिने शिकवलं, रात्री एक वाजता, कपात गार झालेल्या चहासोबत. टी टूला 15 पडले. 15 काही फार नाहीत, पण मला माहितीये ते कुठून आले.

प्रयोगाच्या दिवशी ब्लॅकआउटमध्ये कंदील ठेवायचं काम माझं होतं. स्टेजवर रेडियमची पट्टी लावलेली असते तिच्यावर, अंधारात, काही सेकंदांत. मी तो चुकीच्या बाजूला ठेवला. चूक माझीच होती, बाहेर प्रेक्षकांतल्या पोरांचं "अरे आव्वाज कुणाचा" चालू होतं, अख्खं भरत हलत होतं आणि माझे हात थरथरत होते. लाइट आला, ताईने एका क्षणात बघितलं, उठली, कंदील उचलून जागेवर आणला आणि संहितेत नसलेलं वाक्य म्हणाली, "ह्यो कंदील हितं कुनी ठिवला गं माय." माझ्या आजीचं बोलणं, जसंच्या तसं. मी विंगेत उभी राहून तोंडावर हात धरून रडले.

नंतरची तीन वर्षं मी पुरुषोत्तम सोडलं नाही. मार्च आला की नदीकाठी बसून रूममेटची रेगाटाही, म्हणजे बोट क्लबचा नदीवरचा कार्यक्रम, बघायची, संध्याकाळच्या उजेडात पाण्यावरून ओळीत जाणाऱ्या त्या कयाक. अभ्यास अवघड होता तो अवघडच राहिला, चौथ्या सेमला एक बॅकलॉगही लागला, तोच तो मावशीच्या लक्षात राहिलेला त्रास. पण मी तो राहिलेला विषय सोडवला तेव्हा पेपरच्या आदल्या रात्री माझ्याभोवती चार जण बसलेले होते आणि चारही नाटकातले. 2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, सामान तसंच टाकून घरी यावं लागलं, निरोपसुद्धा झाला नाही धड.

एक गोष्ट अजून सांगते. 2022 ला पुरुषोत्तमचा करंडक कुणालाच दिला नाही. मी तेव्हा नोकरीत होते, बातमी वाचून पोरांसाठी जीव तुटला, त्या मेहनतीची किंमत मला माहितीये. पण मला हेही पटतं की कुणीतरी तुमचं काम इतक्या गांभीर्याने बघतंय की कमी पडलं तर तसं तोंडावर सांगतंय. परीक्षेतल्या मार्कांपलीकडे असं कोण सांगतं अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना?

तर मावशीला मी हे सगळं फोनवर सांगितलं, वीस-पंचवीस मिनिटं. ती मधे काहीच बोलली नाही, मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाली, "कंदिलाचं तू कधी सांगितलंच नव्हतंस." मी म्हणाले, हो, नव्हतं सांगितलं.

थोडा वेळ थांबून तिने विचारलं, "त्या भरतला बाहेरच्यांना जाऊ देतेत का? तिकीट असतंय का?"

असतंय म्हणाले, पण लवकर जावं लागतंय.