घोंगडी घेताय? आधी मेंढीबद्दल बोलू

थंडी पडायला लागली की ओळखीतलं कोणी ना कोणी मला विचारतंच, अगं तुमच्या सांगोल्याकडं अस्सल घोंगडी मिळते ना, एक बघ की माझ्यासाठी. मिळते. पण ती कशी तयार होते आणि आता तिचं काय चाललंय हे माहीत असलेलं बरं, कारण ऑनलाइन जे वाचायला मिळतं त्यात सगळा फोकस मागावर बसलेल्या म्हाताऱ्या कारागिरावर असतो, त्याचा सुंदर फोटो असतो आणि खाली "लुप्त होत चाललेली कला". कला आहेच, पण घोंगडी एकट्या विणकराची कधीच नव्हती.

आमच्या भागात घोंगडी विणणारे म्हणजे सणगर आणि खुटेकर धनगर, हे विणकर समाज. कोल्हापुरात तर सणगर गल्लीच आहे. पण त्यांच्या मागावर सूत येईपर्यंत किती हातांतून गेलेलं असतं बघा. मेंढ्या राखणारा धनगर वर्षातून दोनदा लोकर कातरतो. एका दख्खनी मेंढीची वर्षाची लोकर साधारण अर्धा-पाऊण किलो, आणि बऱ्यापैकी जाड घोंगडीला अडीच-तीन किलो लागते, म्हणजे चार-पाच मेंढ्यांचं वर्षभराचं उत्पन्न तुमच्या अंगावर असतं. ती लोकर धुवायची, रंगानुसार निवडायची (काळी, करडी, पांढरी, रंग वेगळा द्यायचा नाही, मेंढीचा तोच घोंगडीचा), मग पिंजायची आणि मग कातायची. कातायचं काम बायकांचं, त्यातही वयस्कर बायकांचं.

मग ताणा, म्हणजे विणण्याआधी ताणून धरलेले उभे धागे. हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण तो घरात होत नाही, गल्लीत होतो. खुंट्या रोवून लांबच लांब ताणा उभा करायचा आणि त्याला चिंचोक्याची खळ लावायची. चिंचोके भाजून, टरफल काढून, दळून, शिजवून ती खळ करतात आणि मोठ्या कुंच्यानं सुतावर वरून-खालून घासून घासून बसवतात, आणि हे ऊन आहे तोवरच उरकायचं, त्यामुळं घरातलं जो हाताला लागेल तो कामाला. या खळीमुळं सुताचा केसाळपणा बसतो आणि विणताना धागा तुटत नाही. नवीन घोंगडी ताठ लागते ती त्यामुळंच. वापरून वापरून ती मऊ होते, थोडा धीर धरावा लागतो.

विणणं खड्डामागावर. पाय खड्ड्यात पावड्यांवर (पायानं दाबायच्या पट्ट्या), हातात धोटा (आडवा धागा इकडून तिकडं नेणारा), आणि वीण इतकी ठोकून बसवायची की पावसाचं पाणी पटकन आत शिरत नाही. लोकरीचा स्वतःचा तेलकटपणाही असतो त्यात. घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेतली की धनगर भर पावसात मेंढरांमागं उभा राहू शकतो, रात्री तीच अंथरूण, तीच पांघरूण.

आता अडलंय कुठं? माग अजून आहेत, विणता येणारी माणसंही आहेत, कमी झालीत पण आहेत. लोकर अडलीये. दख्खनी मेंढी काटक, उन्हातान्हात मैलोनमैल चालणारी, पण अंगानं बारकी. मटणाला भाव आला तसं लोकांनी मोठ्या अंगाची मेंढी धरली, आमच्याकडं माडग्याळी, सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातली. तिच्या एकेका नराला लाखांची बोली लागल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. तिच्या अंगावर घोंगडीला लागते तशी लोकर नसते. यात धनगराला दोष देणं मला अजिबात पटत नाही, त्याला घर चालवायचंय. पूर्वी लोकरीचे पैसे यायचे, आता अनेक ठिकाणी कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा लोकरीतून सुटत नाही, मग ती तशीच टाकून दिली जाते. आणि बाजारात मशीनचं स्वस्त ब्लँकेट रंगीत फुलांसकट मिळतं.

सरकारी कागदावर घोंगडीला संरक्षण आहे बरं का. 1985 च्या हातमाग आरक्षण कायद्याच्या यादीत कांबळीचं, म्हणजे घोंगडीचंच, नाव आहे, म्हणजे यादीत बसणारी कांबळी यंत्रमागावर विणायची नाही. पण आरक्षण मागाला मिळालं, मेंढीला आणि कातणाऱ्या बाईला काही नाही. 2019-20 च्या हातमाग गणनेत देशात विणकर आणि पूरक कामं करणारे मिळून 35 लाखांवर लोक निघाले, त्यात 70 टक्क्यांहून जास्त बायका. तरी कोणाच्याही तोंडी नाव येतं ते मागावरच्या माणसाचं. दिवसभर चरख्यावर बसणाऱ्या आजीला सुताचे किती मिळतात हे गिऱ्हाईक विचारतच नाही, आणि ती थांबली की तिच्या सुनेला ते काम करावंसं वाटत नाही, का वाटावं तेवढ्या पैशात?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळतात, आकाश पिवळं झालेलं असतं आणि खांद्याखांद्यावर घोंगडी. एकदा जाऊन याच. धनगरांच्या जगण्यात लोकर किती खोल आहे ते तिथं कळतं.

तर घ्यायचीच असेल तर विणकराकडून घ्या आणि लोकर कुठली, सूत कोणी कातलं हे विचारा. हाताने कातलेल्या सुताची आणि मिलच्या सुताची घोंगडी, दोन्हीच्या किमतीत बराच फरक असतो आणि तो असायलाच हवा, तिथं घासाघीस करू नका. शंका वाटली तर कडेचा एक धागा काढून जाळून बघा. लोकर असेल तर केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख चुरडते, अ‍ॅक्रेलिक वितळून कडक गोळी होते. टोचत असेल तर सुरुवातीला खाली चादर घ्या. आणि सारखी धुऊ नका, झटकून कडक उन्हात टाकली की पुरतं. धुवायचीच तर उन्हाळ्यात, गार पाण्यात, कारण पावसाळ्यात भिजलेलं घोंगडं चार-चार दिवस वाळत नाही. ठेवताना घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला, कसर लागत नाही.