गुलाबी कड गेली! (लिंडबर्गची पानं, पुढचा हप्ता)

गेली एकदाची! स्वीडिश डिझायनर स्टिग लिंडबर्गच्या धर्तीची हिरवी पानं मी मातीच्या भांड्यांवर रंगवतेय, आणि पानाभोवती उमटणाऱ्या ज्या गुलाबी कडेवरून मागच्या खेपेला मी इतकी वैतागले होते, ती कालच्या भट्टीत दिसलीच नाही. पांढऱ्या जमिनीवर हिरवं पान, बस्स.

बेर्शोचा, म्हणजे लिंडबर्गच्या त्या पानांच्या नक्षीच्या भांड्यांचा, नाद मी सोडलाय, हे तुम्हाला माहीत आहेच. ती पानं (१९६१ ते १९७४) छापील. हाताने काढली की नक्कल वाटते. मला हवंय ते स्टिग लिंडबर्गचं आधीचं, चाळीसच्या दशकातलं, हाताने रंगवलेलं फायान्स, म्हणजे पांढऱ्या टिन ग्लेझची मातीची भांडी. कच्च्या टिन ग्लेझवर (कथील घातलेला, अजून न भाजलेला काचेचा लेप) ब्रश टेकला की ग्लेझ पाणी पिऊन टाकतं, खोडायची सोय नाही. तरी त्याच्या पट्ट्यांमध्ये कुठे दचकलेला हात दिसत नाही.

अडलं होतं ते हिरव्यापाशी. तांब्याचा हिरवा घेतला तर तांबं स्वतःच ग्लेझ पातळ करतं आणि पानाची कड पसरते. क्रोमच्या स्टेनची (भाजून दळलेला तयार रंग) कड पसरत नाही, पण क्रोमची टिनशी गाठ पडली की गुलाबी छटा उमटते. आमचा दुकानदार पाकिटावर नुसतं ‘हिरवा’ लिहितो. आत काय आहे विचारलं तर ‘चांगला येतो, घ्या’. असल्या पाकिटावर माझा तरी काडीचा विश्वास नाही.

टिन काढून झिरकॉन (ग्लेझ पांढरं करणारं दुसरं खनिज) घातलं की गुलाबीचा प्रश्न मिटतो, पण पांढरा रंग बाथरूमच्या बेसिनसारखा निर्जीव होतो. (लिंडबर्गने गुस्तावस्बेर्ग या स्वीडनमधल्या भांड्यांच्या कारखान्यासाठी बाथरूमची भांडीही डिझाइन केली होती म्हणा!) म्हणून टिन तसंच ठेवलं आणि क्रोमलाच हाकललं: प्रासिओडिमियम पिवळा तीन भाग, व्हॅनेडियम निळा एक भाग, चिमूटभर फ्रिट (दळलेली काच) आणि डिंकाचं पाणी. भिंगातून पाहिलं, तर ब्रश उचलला त्या टोकाला रंगाचा इवलासा फुगवटा आणि कड अगदी स्वच्छ. गडद शिरा कोबाल्टच्या. त्या किंचित फुटल्यात, पण ते मला आवडलं.

१९३७ मध्ये गुस्तावस्बेर्गला आलेल्या आणि १९४९ मध्ये विल्हेल्म कोगेच्या जागी कलाप्रमुख झालेल्या या माणसामागे अख्खा कारखाना होता. रंग घोटायला, भट्टी लावायला माणसं होती. आपण सगळं एकटेच करतो, तेव्हा वेळ लागणारच.

पुढची भट्टी फक्त ताटल्यांची लावणार होते, पण हे लिहितानाच बेत बदलला. एनके या स्टॉकहोममधल्या मोठ्या दुकानासाठी त्याने १९४७ मध्ये ‘पॉटरी’ नावाचं कापड केलं, त्यावर चक्क भांडीच काढलेली आहेत. मग हीच पानं सुती कापडावर स्क्रीनने का छापू नयेत? तिथे निदान क्रोम-टिनचा ससेमिरा नाही. ताटल्या थांबतील. चौकट आधी लागेल, आणि जाळी किती बारीक घ्यावी हे कापड छापणाऱ्यांनी सांगा. शिरांच्या रेघा अर्धा मिलिमीटरच्या आहेत.