काळ्या कापडावर काळी टीप

परवा काकूंचं काळं ब्लाउज शिवताना बाहीची टीप दोनदा उसवली. काळ्यावर काळा दोरा आणि ट्यूबलाइट पाठीमागे. माझीच सावली सुईवर. आता डावीकडे, सुईच्या जरा पुढे, चुंबकाचा छोटा एलईडी दिवा लावलाय. मशीन बिडाचं, त्यामुळे घट्ट चिकटतो. वायर मात्र चाकापासून लांब बांधा, पट्ट्यात अडकली तर धोका! सुई ओवताना नेढ्यामागे पांढरा कागद धरते, भोक लगेच दिसतं.

खरा आराम मिळाला तो स्टुलामुळे. ते बुटकं होतं, खांदे उचलून शिवावं लागायचं. त्यावर ४ इंचांची घट्ट उशी बांधली. कोपरं मशीनच्या पातळीला आली. बसतेही आता सुईच्या अगदी समोर, चाकाकडे सरकून नाही. काल सलग ३ परकर शिवले, मान दुखली नाही.