बाहेर 45 डिग्री, आणि मी डोळे शेकतेय

हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या गावात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. पीक विम्याचे दिवस आले की सकाळपासून रात्रीपर्यंत सातबारा, आधार, पासबुक, ओटीपी, आणि सर्व्हर पडला की पुन्हा पहिल्यापासून. एरवी माणूस मिनिटाला साधारण 15 वेळा पापण्या मिटतो म्हणतात. स्क्रीनपुढे ते निम्म्यावर येतं, आणि रखडलेल्या पोर्टलपुढे तर त्याहूनही कमी होत असावं.

सुरुवातीला डोळ्यांत कचरा गेल्यासारखं टोचायचं. दुपारनंतर जळजळ, आणि गाडीवर मागे बसलं की घळाघळा पाणी. म्हणूनच डॉक्टरांनी कोरडेपणा सांगितला तेव्हा सासूबाईंना ते पटेना. "डोयातून धार लागते अन् डॉक्टर म्हणते डोये सुकले? असं कुठी राह्यते काय बाप्पा?"

राहते. डोळा सुकला की चिडतो आणि भराभर पाणी सोडतो, पण ते टिकत नाही. अश्रू टिकायला त्यांच्यावर तेलाचा पातळ थर लागतो. ते तेल पापण्यांतल्या मायबोमियन ग्रंथींतून येतं; वरच्या पापणीत त्या 25 ते 40 असतात, खालच्या पापणीत 20 ते 30. तपासणीत डोळ्यात पिवळा रंग लावला, निळा उजेड पाडला आणि पापणी न मिटता बघत राहायला सांगितलं. अश्रूंचा थर 10 सेकंदांच्या आतच फुटला. मग पापणीची कड दाबून पाहिली. तिथून पातळ, स्वच्छ तेल यायला हवं होतं. माझं निघालं ते थंडीत बाटलीत थिजलेल्या खोबरेलासारखं घट्ट. मुख्य उपाय सांगितला तो असा: रोज दोनदा, मिटलेल्या डोळ्यांवर 10 मिनिटं गरम शेक, त्यानंतर पापण्यांना हलका मसाज. शिवाय डोळ्यांना ओलावा देणारे कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोजचे थेंब.

महिना मेचा. घरी ऐकलं तर यांना हसू आवरेना. "बाहेर आगीचे लोळ सुटले अन् तू डोये भाजून राह्यली?" खरं तर प्रश्न माझाही तोच होता. उन्हानेच तेल वितळायचं असतं तर विदर्भात कुणाचे डोळे कोरडे राहिलेच नसते. पण आपली झळ कोरडी असते, आणि वाऱ्यासोबत येते. ती उघड्या डोळ्यावरचं पाणी उडवून नेते. शेक द्यायचा तो बंद पापणीला, हवा न लागू देता, 40 डिग्रीच्या आसपास आणि सलग. या 'सलग' शब्दावरच सगळं अडतं.

कारण गरम पाण्यात पिळलेला रुमाल दोनेक मिनिटांत गार होतो. पुन्हा बुडवा, पुन्हा पिळा, गळ्यावर पाणी ओघळतंय, आणि तेवढ्यात केंद्राचं शटर कुणीतरी वाजवतंय. मग सासूबाईंनी सुती साडीच्या तुकड्याची पिशवी शिवून त्यात घरचं जवस भरून दिलं. कल्पना चांगली होती, जवस ऊब धरतंही. पण मायक्रोवेव्ह नसलेल्या घरात ते तापवायचं कढईत, म्हणजे एकीकडे गार, दुसरीकडे चटका. काही दिवसांनी पिशवीला खवट वास यायला लागला. जवसात तेलच इतकं असतं. "शेकू नको, खाय" असंही बायांनी सुचवलं. जवसात ओमेगा-3 असतं हे खरं. मात्र अमेरिकेत माशाच्या तेलातल्या ओमेगा-3 वर ड्रीम नावाचा मोठा अभ्यास झाला, 2018 साली त्याचे निष्कर्ष आले, आणि कोरड्या डोळ्यांना ऑलिव्ह तेलापेक्षा त्याचा जास्त फायदा दिसला नाही. त्यामुळे जवसाची चटणी मी भाकरीसोबत चवीने खाते, औषध म्हणून नाही.

शेवटी ऑनलाइन डोळे शेकायचा, यूएसबीवर तापणारा मास्क मागवला. आत मणी भरलेले मास्कही चांगले असतात, पण ते मायक्रोवेव्हमध्येच तापवायचे असतात. तव्यावर ठेवायच्या भानगडीत पडू नका. यूएसबीवाला पॉवर बँकेवर चालतो, आणि भारनियमन असलेल्या गावात हाच त्याचा खरा गुण. माझ्या मास्कला उष्णतेच्या पायऱ्या आहेत आणि वेळ संपली की तो आपोआप बंद होतो. या दोन गोष्टी नसतील तर घेऊ नये, कारण शेकता शेकता डोळा लागतोच. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघते. डोळ्यांवर घट्ट आवळत नाही. आवळला तर काढल्यावर बराच वेळ धूसर दिसतं. नंतर स्वच्छ बोटाने वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर, म्हणजे दोन्हीकडून केसांच्या दिशेने हलकेच निपटायची. मग थेंब. कव्हर निघतं, ते धुते.

पहिल्या आठवड्यात काहीच वाटलं नाही, हे मुद्दाम सांगते, कारण लोक इथेच सोडून देतात. हळूहळू सकाळचं टोचणं कमी झालं, नंतर दुपारची जळजळ. पूर्ण बरं झालंय असं नाही. लग्नसराईत शेक बुडाला की त्रास परत येतो. कूलर आता तोंडावर नाही, पायांकडे वारा येईल असा ठेवलाय. माझ्या मते अर्धा फरक त्यानेच पडला. केंद्रातही फॉर्म सबमिट झाला की एकदा डोळे पूर्ण मिटते.

आता केंद्रात येणाऱ्या बाया मास्क मागतात. देत नाही. एकाच्या डोळ्याचं दुसऱ्याच्या डोळ्याला नको. डोळा लाल असेल, दुखत असेल, पू येत असेल तर शेकण्याआधी दवाखाना गाठावा. सासूबाईंनाही मास्कची हौस आहे, पण त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय. डॉक्टर हो म्हणेपर्यंत मास्क माझ्या कपाटात, आणि किल्ली माझ्याकडे.